कडी उघडणारं कुत्रं

जाऊबाई, मेल्यावर तरी माणसानं दुसऱ्याचं कुत्रं सोडावं.

आज सोळावा दिवस. तेरवी झाली, पाहुणे आपापल्या गावी गेले, मांडव उतरला, मागून आणलेली भांडी ज्याची त्याला परत गेली. माझं कुत्रं तेवढं अजून तुमच्या उंबऱ्याशी पडून आहे. माझंच म्हणते मी. माझ्या पल्लवीनं एसटी डेपोच्या मागून उचलून आणलं तेव्हा ते मुठीएवढं होतं. त्याला इंजेक्शनं मी देऊन आणली, गळ्यातला पट्टा मी आणला, टायगर हे नाव मी ठेवलं. आणि तो ओ देतो ती तुमच्या 'गुंड्या'ला. आज सकाळी मी तीनदा टायगर म्हणून हाक मारली. त्यानं एक कान हलवला, तोही मोडका, आणि पुन्हा तुमच्या दाराला नाक लावून पडला.

तुमच्या फोटोला भाऊजींनी झेंडूचा हार घातलाय. आत जाऊन तो बघायची माझी अजून हिंमत होत नाही. झेंडूवरूनच तर आपलं बोलणं बंद झालं होतं. त्याच्याकडे येते, पण आधी बाकीचं भांडून घेते. तुम्ही मध्ये बोलणार नाही, अशी संधी मला कधी मिळाली नव्हती.

आपण सख्ख्या जावा. तुम्ही थोरल्या, मी धाकटी. आसेगावातल्या एका घरात मधोमध भिंत घालून दोन घरं केली, तेव्हा अंगण आणि लोखंडी फाटक तेवढं सामाईक राहिलं. जावा जावा, उभा दावा, असं लोक म्हणतात. आपला दावा कधी उभा राहिला नाही, आपापल्या ओट्यावर बसूनच चालायचा. तुम्ही माझ्या भाजीला मीठ कमी म्हणायच्या, मी तुमच्या भांड्यांना राख राहिली म्हणायचे. तेवढ्यावर दिवस छान जायचे.

मग पल्लवीचे बाबा गेले. एसटीत त्यांच्या जागी मला घेतलं आणि मंगरूळपीरच्या डेपोत मी कंडक्टर झाले. पोरगी अकरा वर्षांची होती. मी अंधारात उठून पहिली गाडी धरायचे. संध्याकाळी येऊन बघावं तर पोरगी तुमच्याकडे जेवलेली असायची, तुमच्या हातची घट्ट वेणी घातलेली, अभ्यासाचं दप्तर तुमच्या कोनाड्यात. कधी मुक्कामी गाडी असली तर ती तुमच्याच कुशीत झोपायची. दुसऱ्या दिवशी मी घरी भरीत केलं की चाखून म्हणायची, "मोठीआईचं असं नाई लागत." मी हसायचे. चुलीपुढे, तिच्याकडे पाठ करून हसायचे, म्हणजे तोंड दिसू नये.

खरं तर तुमचे पाय धरायला हवे होते. मी तुमचा हेवा केला. दहा-अकरा वर्षं, एक दिवसही सुट्टी न घेता केला. माझ्या पोटची पोर ठेच लागली की 'आई गं' म्हणायच्या ऐवजी 'मोठीआई' म्हणून ओरडायची, तेव्हा माझ्या काळजात काय व्हायचं ते तुम्हाला कळत होतं की नाही, हे विचारायचं राहून गेलं. मला वाटतं, कळत होतं. कारण मग तुम्हीच तिला म्हणायच्या, "जाय, तुह्या मायजवळ बस जरा." आणि ती नाइलाजानं यायची.

पोरगी पुण्याला नोकरीला गेली. मला वाटलं, चला, आता आपल्या दोघींत वाटून घ्यायला काही उरलं नाही. तर जाण्याआधी ती हे कुत्रं ठेवून गेली.

कॅमेराही तिनंच पाठवला. सुट्टीत आली तेव्हा माझ्या छपरीच्या खांबावर बसवला, माझ्या मोबाइलमध्ये काय काय टाकून दिलं आणि म्हणाली, "आई, आता ड्युटीवरून टायगर दिसन तुले. एकटा काय करते, पानी पेला का नाई, सारं पाहाय." त्याच्यात आवाजही जायचा. इथून बोललं की तिथं ऐकू यायचं. डेपोत सगळ्यांना मी हेच सांगितलं, कुत्र्यासाठी कॅमेरा लावलाय. लोक हसले. हसू दे.

तुम्हाला खरं सांगते. पल्लवी खांबावर चढून कॅमेरा फिरवत होती तेव्हा मी खालून म्हणाले होते, "अजून जरासा डाव्या हाताला घे." उजव्या हाताला कुत्र्याची पाण्याची वाटी होती. समोर अंगण होतं, अंगणाच्या शेवटी फाटक होतं. डाव्या हाताला काय होतं? तुमचा ओटा. तो अर्धा दिसायला लागला तेव्हा मी म्हणाले, "बस, बरोबर हाय." कॅमेरा कुत्र्यासाठी होता हे अर्धंच खरं. मला बघायचं होतं, माझ्यामागे ते तुमच्याकडे किती वेळ असतं.

आणि ते दिवसभर तुमच्याकडेच असायचं! मंगरूळपीरच्या स्टँडवर गाडी लागली, प्रवासी चढेपर्यंत पाच-दहा मिनिटं मिळाली, की मी मोबाइल काढायचे. कधी माझी छपरी रिकामी आणि तुमच्या ओट्यावर ते उताणं पडलेलं, कधी तुम्ही धान्य निवडताय आणि त्याचं डोकं तुमच्या मांडीवर. पल्लवी पुण्याहून त्याच्या खाण्याची पाकिटं पाठवायची, ती तशीच पडून, आणि हा तुमच्या हातचा दूधभाकरीचा काला चाटतोय. एकदा बघितलं तर तुम्ही चहात टोस्ट बुडवून त्याला देत होता. एक तुम्हाला, एक त्याला. मी बटण दाबून ओरडले, "जाऊबाई, त्याले चहा नका पाजू!"

तुम्ही दचकून आधी वर बघितलं, मग डोक्यावर पदर घेतला. घरात आवाज आला पण माणूस दिसत नाही, म्हणजे कोणी मोठंच असणार असं तुम्हाला वाटलं असेल. आठ दिवसांत तुम्ही सरावलात. मग तुम्हीच त्या खांबापुढे येऊन बोलायला लागलात. मी गर्दीत तिकिटं काढत असायचे, पोहरादेवीची यात्रा म्हणून गाडीत पाय ठेवायला जागा नसायची. मध्ये एक क्षण कुत्रं बघावं म्हणून मोबाइल उघडला की भर गाडीत तुमचा आवाज, "शोभा, डबा खाल्ला काय वो? का तसाच वापस आनतं?" सगळी गाडी ऐकायची. एक म्हातारा म्हणाला, "बाई, खाऊन घ्या पहिले, आमी थांबतो." लाजून मी मेले. त्या दिवशी डबा खरंच खाल्ला नव्हता. पुढच्या स्टॉपला गाडीच्या मागच्या सीटवर बसून खाल्ला. हेही तुम्हाला कधी सांगितलं नाही.

पण एक गोष्ट माझी होती. ती एकच, म्हणून मी तिचं फार कौतुक करायचे.

ड्युटी संपवून मी संध्याकाळच्या गाडीनं आसेगावला उतरायचे, तेव्हा टायगर स्टँडवर उभा असायचा. रोज. कधी गाडी पाचला यायची, कधी साडेपाचला, कधी सहा वाजायचे. तरी हा हजर. पुलाजवळच्या वळणावर ड्रायव्हर हॉर्न वाजवतो, तो ऐकून हा निघतो, असं मी सगळ्यांना सांगायचे. घरी येऊन बघावं तर फाटक उघडं. म्हणजे कडी याच्या नाकानंच उघडली असणार. डेपोत मी हे सांगून सांगून लोकांचे कान किटवले. माझं कुत्रं नाकानं कडी उघडतं आणि मला घ्यायला येतं! दिवसभर कोणाच्याही मांडीवर लोळू दे, संध्याकाळी त्याला आठवण येते ती माझी. पल्लवी कधी मला घ्यायला स्टँडवर आली नव्हती. तिला तुमच्याकडे खेळायचं असायचं. कुत्रं येत होतं. तुमच्या नाकावर टिच्चून येत होतं, असं मी मनात म्हणायचे.

तिथून मात्र तो मला सरळ माझ्या घरी न्यायचा नाही. फाटकातून आत आला की उजवीकडे वळायचा, तुमच्या दाराशी जायचा आणि पंज्यानं दार खरवडायचा. मीही त्याच्यामागे जायचे आणि म्हणायचे, "आले वो, जाऊबाई." तुम्ही आतून म्हणायच्या, "ये." चहा तयार असायचा. माझी गाडी कधी येणार हे मलाच माहीत नसायचं आणि तुमचा चहा बरोबर उकळलेला असायचा. याचंही मला कधी आश्चर्य वाटलं नाही, जाऊबाई. माणूस किती आंधळं असतं बघा.

आता दसरा. दसऱ्याला माझी ड्युटी होती. डेपोत आम्ही गाड्या धुतल्या, गाडीला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. मी तिकिटाच्या मशीनलाही कुंकू लावलं. मग गाडी सुटेपर्यंत मोबाइल उघडला तर सगळं पिवळं. अंगण नाही, कुत्रं नाही, ओटा नाही. नुसतं पिवळं, आणि मध्ये एक लाल डाग. घराला आग लागली की कॅमेरा कोणी काढून नेला, काही कळेना. मी बटण दाबलं आणि ओरडले. काय ओरडले ते मला शब्दन् शब्द आठवतं. "कोन हाय? कॅमेऱ्याले हात कोनी लावला? कायले लुडबूड करता माह्या घरात?"

तेवढ्यात पिवळं बाजूला झालं. झेंडूचा हार होता तो. हार हातात धरून तुम्ही उभ्या होता आणि तुमच्यामागे सोनं द्यायला आलेल्या गल्लीतल्या बाया होत्या. सगळ्यांनी ऐकलं होतं. लाल डाग म्हणजे तुम्ही काचेवर लावलेलं कुंकवाचं बोट. तुम्ही मान वर करून म्हणालात, "घरचं औजार हाय, शोभा. तुह्या घराची राखन करते. मीनं म्हटलं, त्याची बी पूजा करा." घरोघरी दसऱ्याला ट्रॅक्टरला, शिलाई मशीनला, विळ्याकोयत्याला हार घालतात. तुम्ही माझ्या कॅमेऱ्याला घातला. त्याला डोळा असतो आणि तो झाकला की मी आंधळी होते, हे तुम्हाला कोणी सांगितलं होतं? मी तेव्हाच हसायला हवं होतं. पण बाया बघत होत्या आणि आता मागे कसं यावं हे मला सुचेना. मी म्हणाले, "विचारत जा पहिले."

तुम्ही हार गुंडाळला. "बरं," म्हणालात. "तुह्यं घर."

बस. तेवढंच. त्या दिवसानंतर तुम्ही माझ्या छपरीवर पाय ठेवला नाही. कॅमेऱ्यात दिसणारा तो अर्धा ओटाही सोडलात. धान्य निवडायला आत बसायला लागलात. मला दिसायचं ते नुसतं तुमच्या दाराबाहेर आलेलं पदराचं टोक, किंवा कुत्र्याचं शेपूट. काचेवरचं कुंकू मात्र कितीतरी दिवस तसंच राहिलं. मी पुसलं नाही. रागानं पुसलं नाही, की तुमचं म्हणून पुसलं नाही, ते माझं मलाच माहीत नाही.

दिवाळीला मी फराळाचं ताट भाऊजींच्या हाती पाठवलं. रिकामं ताट परत पाठवायचं नसतं, म्हणून तुम्ही त्यात तुमच्या चकल्या घालून पाठवल्यात. चकल्या नेहमीसारख्या झाल्या होत्या. निरोप नव्हता. मीही पाठवला नव्हता. संध्याकाळी कुत्रं मला तुमच्या दाराकडे ओढायचं आणि मी पट्टा धरून त्याला माझ्या दाराकडे ओढायचे. आतून चहाचा वास यायचा. मी पुढे निघून जायचे. तुम्ही आधी बोलाल म्हणून मी थांबले होते. तुम्ही थोरल्या ना.

या सगळ्यात एका गोष्टीचं मला सुख होतं, आणि ते सांगताना आता लाज वाटते. महिनाभर आपला अबोला होता आणि टायगर रोज स्टँडवर येत होता. मी स्वतःला म्हणायचे, बघ शोभा, आता जाऊबाई मध्ये नाहीत तरी येतो. म्हणजे तो आपला आहे. कडी उघडतो आणि येतो.

तुम्ही गेलात ती दुपार होती. मी मंगरूळपीरच्या स्टँडवर होते. गहू निवडता निवडता तुम्ही कलंडलात आणि कुत्रं भुंकत राहिलं, शेजारची धावून येईपर्यंत भुंकत राहिलं. ती म्हणाली, तुमचा हात त्याच्या पाठीवर होता. भाऊजी शेतात, मी गाडीत, पल्लवी पुण्यात, आणि शेवटी तुमच्याजवळ कोण, तर हा. मला वाईट वाटायच्या आधी हेवा वाटला, जाऊबाई. कोणाचा, ते तेव्हा नीट कळलं नाही. तुमचा, कारण माझं कुत्रं शेवटपर्यंत तुम्ही ठेवून घेतलंत. की त्याचा, कारण त्याला तुमच्याजवळ बसायला मिळालं.

तेरवीनंतर परवा मी ड्युटीवर गेले. संध्याकाळी आसेगावला उतरले तर स्टँडवर कुत्रं नाही. म्हटलं, दुःखात आहे बिचारं. कालही नाही. घरी आले तर फाटकाला कडी लावलेली आणि हा तुमच्या उंबऱ्याशी. मला राग आला. मी काय मेले का? रोज कडी उघडून येत होतास, आता काय झालं? मग वाटलं, तो कडी कशी उघडतो हे तरी डोळ्यांनी बघू. कॅमेऱ्यात दोन महिन्यांचं सगळं साठून राहतं, जुनं आपोआप पुसलं जातं, असं पल्लवीनं सांगितलं होतं. मी संध्याकाळी कधी बघायचे नाही. घरी तर निघालेच असायचे, मग कशाला बघू? काल जेवणाआधी छपरीत बसून मी मागचे दिवस उघडले.

सव्वापाच वाजतात. तुम्ही भिंतीला खेटून येता, कॅमेऱ्याला चुकवून, अंगणाच्या कडेकडेनं. पण फाटक समोरच आहे, तिथं तुम्हाला लपता आलं नाही. पाठमोऱ्या उभ्या राहता. एक हात फाटकावर, एक हात गुडघ्यावर. कुत्रं तुमच्या पायाशी. बराच वेळ काही होत नाही. मग लांबून हॉर्न येतो, बारीक, पुलाजवळचा. तुम्ही कडी काढता. आणि म्हणता, "जाय गुंड्या, तुही माय आली."

तो धावतो. तुम्ही पुन्हा भिंतीच्या कडेकडेनं आत जाता. चहा ठेवायला.

मी दुसरा दिवस उघडला. तेच. तिसरा, तेच. चौथा. अबोल्याचा एक एक दिवस उघडून बघितला. गाडी पंक्चर झाली होती त्या दिवशी तुम्ही पाऊण तास उभ्या होता. मध्ये खाली बसलात, मग पुन्हा उठलात. एके दिवशी वारा नव्हता म्हणून तुमचं बोलणं स्पष्ट आलंय. "नुसता उभा राहू नोको तिच्यापुढं. शेपूट हालव जरा. थे दिवसभर उभी राहून येते." मग कडी काढता काढता म्हणता, "अन् मी धाडलं म्हून समजू देऊ नोको तिले."

मी पल्लवीला फोन लावला. रडत होते की भांडत होते, तिला कळेना. म्हणाली, "आई, तुले मालूम नव्हतं? मी तं लहान होती तेव्हापासून मोठीआई तुह्या गाडीचा हॉर्न आयकत बसे. मले बी लय म्हने, जाय, तुही माय आली, स्टँडवर जाय. मीच नाई जात होती." मग म्हणाली, "कॅमेऱ्यात तं मी रोज पाहत होती. मले म्हने, तुह्या मायले सांगू नोको."

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. पोरीला, कुत्र्याला. मला तेवढं नव्हतं. डेपोत मी आता काय तोंड दाखवू? जी एक गोष्ट माझी म्हणून छातीशी धरली होती, तीही तुमचीच निघाली. माझ्याविरुद्ध तुम्ही एकदाही हरला नाहीत, जाऊबाई, आणि जिंकताना मला दिसलाही नाहीत. आयुष्यभर मी तुमच्यावर जळले, कारण माझी माणसं तुमच्याकडे जात होती. तुम्ही तर ती रोज संध्याकाळी माझ्याकडे पाठवत होता.

आणि तरी सांगते, माझं जळणं थांबलेलं नाही. आता मी कुत्र्यावर जळते. महिनाभर तुम्ही त्याच्याशी बोलत होता. माझ्याबद्दल बोलत होता, पण त्याच्याशी. ते बोलणं माझं होतं. ते मला हवं होतं.

इथपर्यंत लिहिलं आणि थांबावं लागलं. पुढचं आता दिवे लागल्यावर लिहिते आहे.

आज माझी सुट्टी. दुपारपासून मी छपरीत बसून हे लिहीत होते. भाऊजी शेतातून आले नव्हते. साडेपाचच्या सुमारास पुलाजवळ हॉर्न वाजला. माझ्याच गाडीचा, ज्या गाडीनं मी रोज येते. तुमच्या उंबऱ्याशी गुंड्यानं कान टवकारले. हो, गुंड्याच म्हणते आता. तो उठला, अंग झाडलं, अंगण ओलांडून फाटकाशी गेला आणि कडीकडे बघत उभा राहिला. मग मान वळवून तुमच्या दाराकडे बघितलं. मग पुन्हा कडीकडे. मी इथं समोर बसले आहे, हाताच्या अंतरावरून गेला तो, आणि त्याला मला घ्यायला स्टँडवर जायचं होतं!

मी वही ठेवली. गेले, कडी काढली. म्हणाले, "जाय गुंड्या, तुही माय आली."

तो सुटला. मीही चप्पल न घालता त्याच्यामागे गेले. स्टँडवर गाडी उभी होती, चार माणसं उतरली, गाडी निघून गेली. त्यानं उतरलेल्यांकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं. मग मागे वळला आणि त्याला मी दिसले. आणि जाऊबाई, त्यानं शेपूट हलवलं. आत्ताच गाडीतून उतरले असावे तसं, तुम्ही शिकवलं होतं तसं, अख्खं अंग हलवून. माझ्या पायाशी घोटाळला आणि पुढे चालू लागला. दर दहा पावलांवर मागे वळून बघायचा, मी येते की नाही.

फाटकातून आत आलो. मी डावीकडे, माझ्या दाराकडे वळले नाही. तो उजवीकडे गेला, तुमच्या दाराशी उभा राहिला आणि पंज्यानं दार खरवडलं. एकदा, दोनदा. मग माझ्याकडे बघितलं. त्याचं काम झालं होतं. बाईला आणून पोचवलं होतं, आता आतून कोणीतरी 'ये' म्हणायला हवं होतं.

मी त्याच्या शेजारी उंबऱ्याशी बसले. महिनाभर याच दारावरून, चहाचा वास घेत, मान ताठ करून गेले होते.

"आले वो, जाऊबाई," म्हणाले.